पुण्यात बर्फ पडत नाही, पण खंबाटकी घाट आहे

गाडीच्या कूलंटबद्दल (रेडिएटरमधलं, इंजिन थंड ठेवणारं आणि थंडीत न गोठणारं द्रव) एकाने लिहिलंय की पुण्यात कुठे बर्फ पडतो, कूलंट काढून सरळ नळाचं पाणी भरा. अहो, बर्फाचा प्रश्नच नाही! कूलंटमुळे पाणी उकळायचं लांबतं आणि आतला गंज रोखला जातो. मे महिन्यात भरलेली पिकअप घेऊन खंबाटकी चढून बघा. शिवाय आमच्या सोसायटीचं बोअरचं पाणी एवढं जड की बादलीला पांढरा थर बसतो. तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसणार. डिस्टिल्ड वॉटर घ्या, कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं. तयार मिश्रणाचा कॅन असेल तर मात्र त्यात थेंबभरही पाणी नको (मी एकदा घातलंय, सांगू नका कुणाला).

जुनं कूलंट काढताना गाडी पूर्ण गार झाल्यावरच रेडिएटरचं झाकण उघडा. कूलंट सोडायची खालची तोटी प्लास्टिकची असेल तर पाना लावू नका, हाताने फिरवा. जेवढं निघालं तेवढं मोजून ठेवा, भरताना अंदाज येतो.

खरी गोम भरताना आत अडकणाऱ्या हवेची. गाडी चढाला, तोंड वर करून लावा. झाकण उघडं, हीटर फुल गरमवर, इंजिन सुरू. रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) तापला म्हणजे थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरकडे सोडणारी झडप) उघडला. बुडबुडे थांबेपर्यंत हळूहळू भरत राहा. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी पुन्हा बघा, माझी हमखास उतरलेली असते.

निघालेलं कूलंट गटारात ओतू नका. चवीला गोड असतं, गल्लीतली कुत्री चाटतात आणि मरतात.