‘लीडरशिप’ला आपण घरात काय म्हणतो?

पाटीपेन्सिल
बचत गटांच्या प्रशिक्षणासाठी एक पुस्तिका मराठीत करतेय. पहिल्याच धड्याचं नाव मी दिलं होतं, ‘तुमच्यातील नेतृत्वगुण ओळखा’. छापायच्या आधी एका गटात वाचून दाखवावं म्हणून गेले. ओसरीवर दहा-बाराजणी, कुणी शेंगा फोडतंय, कुणाच्या मांडीवर पोर. वाक्य संपलं तशी एक मावशी शेंग हातात तशीच धरून म्हणाल्या, ‘म्हंजे इलेक्शनला उभं राहायचं का?’ सगळ्या हसल्या. दुसरी म्हणाली, ‘नको बाई पुढारपण, घरात सांगायची सोय नाही.’

आता याच मावशी दर महिन्याला हप्ते गोळा करतात. एखादीचा थकला तर चारचौघींत बोलत नाहीत, तिच्या चुलीपाशी जाऊन बसतात. बँकेत काउंटरवरच्या साहेबाला दोनदा परत बोलायला लावतात. याला तुम्ही काय म्हणता, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, ‘काय म्हणायचं? कुणीतरी बघावं लागतंच की.’

तर शब्द सुचवा. नेतृत्व नको, पुढारपण तर नकोच. आणि ‘मोटिव्हेशन’चंही बघा. ‘प्रेरणा’ लिहिलं की पोस्टरवरचा सूर्योदय दिसायला लागतो.

ऱ्हस्वदीर्घ
‘नेता’ संस्कृतातल्या नी धातूवरून, म्हणजे आपलं नेणं. नेतो तो नेता. काय नेतो, यावर गावोगाव विनोद होत असतात, ते सोडा.

‘पुढारी’ची कथा जास्त दुःखाची. त्याची सगळी भावंडं अजून चांगल्या घरी आहेत. पुढाकार घेतला की कौतुक होतं, पुढारलेलं गाव म्हटलं की बरं वाटतं. पुढारी म्हटलं की मात्र पांढरे कपडे आणि मागे चार गाड्या. कोल्हापूरचं दैनिक हेच नाव मिरवतं, म्हणजे ते ठेवलं तेव्हा शब्द स्वच्छ असणार. बिघडला तो नंतर. ‘पुढेपुढे करणं’ही त्याच घरातलं, पण त्याचा अर्थ थेट लाळघोटेपणाकडे गेला.

‘कर्णधार’ मात्र टिकला. त्यातल्या कर्णाचा कानाशी संबंध नाही बरं का. कर्ण म्हणजे नावेचं सुकाणू, ते धरतो तो कर्णधार. १९७१ साली अजित वाडेकरांच्या संघानं आधी वेस्ट इंडीजला आणि मग इंग्लंडला त्यांच्याच देशात हरवलं, तेव्हा मराठी वर्तमानपत्रांना नवा शब्द शोधावा लागला नसेल. माझं मत असं, की हा शब्द नासला नाही कारण नाव बुडाली तर सुकाणूवालाही बुडतो.

कोयता
आमच्याकडं बीडात एकच शब्द, मुकादम. मूळ अरबी, अर्थ ‘पुढं ठेवलेला’. म्हणजे पुढारीच की. पेशवेकाळच्या कागदांत तर गावच्या पाटलालाच मोकदम म्हटलंय. आज मुकादम म्हणजे ऊसतोडीची टोळी बांधणारा. दसरा-दिवाळीच्या आसपास गाड्या भरून कारखान्याकडं निघतात, त्याआधी तो उचल, म्हणजे कामाच्या आधीच दिलेले पैसे, वाटतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. किती कोयते आहेत त्यावर मुकादमाचा मान. माझे चुलते मुकादम होते. फडावर पहिली मोळी ते स्वतः बांधायचे, मग बाजूला व्हायचे. मला तर लहानपणी वाटायचं, मुकादम म्हणजे पहिली मोळी बांधणारा. पुढं कळलं, सगळे तसे नसतात. पुस्तिकेत हा शब्द घालू नका ताई, बायका उठून जातील.

झाडीपट्टी
‘धुरा सांभाळली’ असं पेपरात आलं की आम्हाला विदर्भात हसू येतं. इथं धुरा म्हणजे शेताचा बांध. धुऱ्यावरून भांडणं होतात, कोर्टात जातात, सांभाळत कोणी नाही.

ऱ्हस्वदीर्घ
पेपरातली धुरा वेगळी. संस्कृतात धुर् म्हणजे बैलाच्या मानेवर येतं ते जू. जू वाहतो तो धुरीण, धुरंधरही तोच. गंमत बघा, जो शब्द आपण सत्कारात शालीबरोबर देतो त्याचं मूळ बैल. त्या मावशींना हा शब्द शोभेल, पण कळणार नाही, म्हणजे उपयोग नाही.

टाळकरी
वारीतलं सांगतो. दिंडीत विणेकरी असतो, त्याच्या गळ्यात वीणा. पण तो पुढं हात करून कुणाला चालवत नाही, भजनाचा धागा धरून ठेवतो. ज्ञानोबांच्या सोहळ्यात मुक्कामाला पालखी आली की समाजआरतीला दिंड्या गोल उभ्या राहतात, हजारो टाळ एकदम वाजत असतात. चोपदार हातातला चोप, म्हणजे दंड, वर करतो. एका क्षणात सगळं शांत. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती टाळ वाजवतच राहते. मग चोपदार त्यांच्याकडं जातो, काय झालं ते ऐकून घेतो, मार्ग काढतो, तेव्हा तो टाळ थांबतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, या बिचाऱ्यांना चोप दिसला नाही की काय. शेजारचे बुवा म्हणाले, ‘दिसलाय. म्हणून तर वाजवताहेत.’

शब्द म्हणून काही देता येत नाही, पण तुमच्या मावशी चुलीपाशी जाऊन बसतात ना, त्यावरून आठवलं.

मांडवीकाठ
गोव्यात कोंकणीत मुखेली. मुख्यमंत्री तो मुखेल मंत्री. तोंडावरून आलेला शब्द, तेव्हा बोलणारा पुढं. सध्या इतकंच, जेवायला बसतोय.

झाडीपट्टी
धुऱ्याचा विनोद झाला, आता खरं सांगतो. गडचिरोलीत धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) ऐकलं असेल. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा त्या गोंड गावची. २००९ साली जंगलावरचे सामूहिक हक्क मिळाले. तिथं निर्णय बहुमतानं होत नाही, सर्वसहमतीनं होतो. एकाचा विरोध असला तरी विषय थांबतो, परत बोलतात, परत बसतात. ‘नेता कोण’ असं बाहेरचा माणूस विचारत येतो तेव्हा प्रश्नच जरा चुकतो. आणि हो, तिथं शब्द आहे ‘अभ्यासगट’. निर्णय घ्यायच्या आधी जाणून घ्यायला बसतात तो.

उत्तेजनार्थ
‘मोटिव्हेशन’कडे कुणीच वळेना म्हणून मी येतो. माझं नाव बघा. शाळेत सात वर्षं वक्तृत्व स्पर्धेत हेच बक्षीस मिळालं, त्यावरून घेतलंय. पहिला, दुसरा, तिसरा आणि मग मी. एकेकाळी ‘उत्तेजन’ भारदस्त होतं. पुण्यात वसंत व्याख्यानमाला भरवणाऱ्या संस्थेचं नावच वक्तृत्वोत्तेजक सभा. आज कुणी अशा नावाची संस्था काढली तर लोक गालात हसतील, कारण उत्तेजक म्हटलं की खेळाडूंची लघवी तपासणी आठवते. आता तो शब्द फक्त शाळेच्या प्रमाणपत्रावर जिवंत आहे.

पण मुद्दा दुसराच. ‘मोटिव्हेशन देणं’ हे आपल्या वाक्यात बसतच नाही. मला हुरूप आला. मला उभारी आली. उमेद वाटली. येतं, वाटतं, देत कुणी नाही. दुसऱ्यानं द्यायला लागला की मराठीला लगेच संशय येतो. भरीस घातलं. हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. फूस लावली. चिथावलं. एक ‘पाठ थोपटली’ तेवढं चांगलं, आणि त्यात बोलायचंच नसतं.

ऱ्हस्वदीर्घ
हे सुंदर. थोडी भर. ‘प्रेरणा’चं मूळही ढकलण्यातच आहे, गती देणं. हिंदी व्याकरणात करवाना, सुलाना अशा रूपांना प्रेरणार्थक क्रिया म्हणतात. आपण त्यांना प्रयोजक म्हणतो: करणं-करवणं, बसणं-बसवणं. गंमत ‘चालवणं’त आहे. पोराला बोट धरून चालवतात आणि संस्थाही चालवतात. क्रियापद तेच, पण पोर पुढं आपोआप चालायला लागतं.

‘चेतवणं’ मात्र सोडू नका. चूल चेतवतात तेव्हा लाकडात आग घालत नाही कुणी. फुंकर घालतात.

पाटीपेन्सिल
सगळ्यांचे आभार. ‘प्रेरणा द्या’ काढून टाकलं. तिथं ‘बाईला हुरूप कशानं येतो?’ असा प्रश्न ठेवलाय, खाली चार ओळी मोकळ्या. धड्याचं नाव केलंय, ‘गटाचं काम कुणाच्या अंगावर आहे?’

कोयता
ताई, ‘अंगावर’ म्हंजे आमच्याकडं उचल. ‘अंगावर किती हाय’ विचारलं की माणूस खाली बघतो.

पाटीपेन्सिल
अरे देवा. मग ‘कुणी कोणतं काम उचललंय’?

कोयता
उचल तिथंबी आलीच की.

पाटीपेन्सिल
आज परत जाऊन आले. शेवटी मावशींचाच शब्द घेतला. पाटीवर लिहिलं, ‘गटात कोण काय बघतं?’ आणि खाली रकाने. एका मिनिटात सगळ्या बोलायला लागल्या. हप्ते कोण बघतं, बँक कोण बघतं, मिरची कांडपाचं मशीन कोण बघतं. जिनं इलेक्शनचं विचारलं होतं तिच्या नावापुढं पाच खुणा झाल्या. तिनं मोजल्या, गप्प बसली. मग कोपऱ्यातल्या एकीकडं बोट करून म्हणाली, ‘हिचं बी लिवा. ही नुसतीच बघती.’

हसून हसून कुणाच्या तरी मांडीवरचं पोर जागं झालं.