पहिलं पाणी ओतून दिलं

आत्या (हनोई): कोणी जागं आहे का? तुमच्याकडे पहाट असेल, पण मला राहवत नाही.

आत्या (हनोई): गावठी कोंबडी हळद-मीठ लावून पातेल्यात ठेवली होती. वर छान तवंग यायला लागला होता. विहीणबाई आल्या, झाकण काढलं, वास घेतला आणि अख्खं पाणी सिंकमध्ये ओतून दिलं. एक शब्द न बोलता!

नाना काका: कुकरला लावायचं होतं. चार शिट्ट्या. वीस मिनिटांत काम झालं असतं.

आत्या (हनोई): नाना, प्रश्न कुकरचा नाहीये. सूनबाईला चार दिवस ताप आहे. काल म्हणाली, आई, फो (इथलं तांदळाच्या शेवयांचं सूप) खावासा वाटतो. इथे घरी कोणी फारसं करतच नाही, सकाळी गल्लीच्या तोंडावर जाऊन खातात. पण तिला बाहेरचा नको होता. म्हटलं मी करते. आपली अळणी, वाटण घालायच्या आधीचं कोंबडीचं पाणी, करतो तसंच की.

मोठी काकू: आज संकष्टी आहे. ग्रुपवर हाडांचे फोटो येऊ नयेत ही नम्र विनंती.

आत्या (हनोई): वहिनी, मी फोटो टाकलेलाच नाही.

मोठी काकू: आधीच सांगून ठेवलं.

बाळू काका (दापोली): अक्का, कोल्हापुरात कोणी अळणी ओतून दिली असती तर सोयरीक मोडली असती.

दादा (आत्याचा): आई, काय झालं? मी मीटिंगमध्ये आहे, सायगावला. आईंशी भांडू नकोस प्लीज.

आत्या (हनोई): मी भांडत नाहीये. मी विचारतेय.

ताई पुणे: आत्या, तुझं काही चुकलेलं नाही, आणि विहीणबाईंचंही नाही. अळणीत आपल्याला तवंग हवा असतो, पाणी गढूळ झालं तरी चालतं, कारण पुढे त्यात वाटण पडणार असतं. फोमध्ये मात्र सगळा जीव पाण्याच्या नितळपणात आहे. पहिल्या उकळीला हाडांतलं रक्त आणि मळी वर येते. ती आत राहिली की पाणी दुधट होतं आणि उग्र वास धरतं. म्हणून पाच-सात मिनिटं उकळून सगळं ओतून द्यायचं, कोंबडी आणि हाडं गार पाण्याखाली धुवायची, पातेलंसुद्धा घासायचं आणि नव्या गार पाण्यात पुन्हा सुरुवात करायची. हनोईत कुठल्याही घरी हेच करतील. हळद तर अजिबातच नाही.

आत्या (हनोई): हळदीशिवाय कोंबडी? तापाच्या माणसाला?

ताई पुणे: हो आत्या. त्याऐवजी आलं आहे ना.

आत्या (हनोई): तू चार वर्षं इथे राहून गेलीस म्हणून तुला सगळं कळतं. मी चाळीस वर्षं स्वयंपाक करतेय.

ताई पुणे: राहिलं. तू विचारलंस म्हणून सांगितलं.

नाना काका: कुकरला लावलं असतं तर हा वादच झाला नसता.

नाना काका: चार शिट्ट्या.

ताई पुणे: नाना काका, कुकर नको. प्रत्येक शिट्टीला आत पाणी जोरात उसळतं आणि चरबी त्यात फेटली जाते. मग कितीही गाळा, नितळ होत नाही. फोचं पाणी खळखळ उकळू द्यायचंच नसतं. कडेने एखाद-दुसरा बुडबुडा येईल एवढीच आच, झाकण उघडं आणि हातात डाव. मळी काढत राहायची.

नाना काका: तीन तास गॅस जाळायचा?

ताई पुणे: कोंबडीचा असेल तर तीन तास. गोमांसाच्या हाडांचा असेल तर आठ-दहा.

मोठी काकू: तो शब्द या ग्रुपवर नको. संकष्टी आहे म्हणून सांगितलं होतं. लग्नात बोलावलं नाही ते नाही, निदान सणवार तरी पाळा.

दादा (आत्याचा): मामी, लग्न २०२१ मध्ये झालं. विमानंच बंद होती. तुम्ही सगळ्यांनी व्हिडिओवर बघितलंत.

मोठी काकू: रिसेप्शन नाशिकला करू म्हणाला होतास. माझी पैठणी तशीच घडीत आहे.

बाळू काका (दापोली): वहिनी, पैठणी नेसून फो खाऊ नका, डाग पडेल.

मोठी काकू: तुम्ही गप्प बसा भाऊजी.

आत्या (हनोई): वहिनी, इथे आमच्या पातेल्यात तसलं काही नाही. मला चालत नाही हे विहीणबाईंना माहीत आहे. परवा त्या स्वतः बाजारात जाऊन कोंबडी घेऊन आल्या. 'गा ता' म्हणतात, म्हणजे आपली गावठीच. पण मला सारखं वाटतंय की माझ्यामुळे त्यांना खऱ्याऐवजी दुय्यम काहीतरी करावं लागतंय.

ताई पुणे: हे मनातून काढून टाक. कोंबडीचा फो म्हणजे 'फो गा', तो हनोईतच जन्मलाय. १९३९ च्या सुमाराला आठवड्यातले दोन दिवस, सोमवारी आणि शुक्रवारी, गोमांस विकायला बंदी होती असं सांगतात. त्या दिवशी काय करायचं म्हणून फोवाल्यांनी कोंबडी घातली. आधी जुन्या खवय्यांनी नाकं मुरडली. आज नुसता फो गा विकणारी दुकानं आहेत तिथे. तू जे करते आहेस तो त्यांचाच पदार्थ आहे.

मोठी काकू: दोन दिवस बंदी असायची?

ताई पुणे: हो काकू.

दादा (आत्याचा): [फोटो] माझा नाश्ता. इथे सायगावात बघ आई, मुगाचे मोड, तुळशीसारखी पानं, लिंबू, काळा गोड सॉस. हे सगळं घाल, लिनला आवडेल.

आत्या (हनोई): विहीणबाईंना फोटो दाखवला. त्यांनी फोन पालथा ठेवला.

ताई पुणे: दादा, तू इतकी वर्षं उत्तरेकडच्या सासूचा जावई आहेस आणि हे सांगतोस? १९५४ मध्ये देशाचे दोन तुकडे झाले तेव्हा आठ-दहा लाख माणसं उत्तरेतून दक्षिणेत गेली आणि जाताना फो घेऊन गेली. तिकडे भाजी मुबलक, जीभ गोडाकडे वळलेली, म्हणून त्यात मोड आले, पाला आला, सॉस आला. हनोईत पाण्याची चव झाकायची नसते. वर कांद्याची पात, मिरची आणि लसूण घातलेलं व्हिनेगर, फार तर तळलेल्या पिठाची कांडी बुडवून खायला. त्याला 'क्वाय' म्हणतात.

दादा (आत्याचा): मला दोन्ही आवडतात. भांडण लावू नकोस.

नाना काका: मोड आलेले मूग कुकरला एका शिट्टीत होतात.

बाळू काका (दापोली): नाना!!!

आत्या (हनोई): दुसरं पाणी ठेवलंय. कांदा आणि आलं भाजायचं म्हणाल्या. इथे इंडक्शन आहे, जाळ कुठला? तर विहीणबाईंनी बाल्कनीत छोटी गॅसची शेगडी काढली. कांदा सालासकट पार काळा केला. मग साल काढून धुतला. वाटणाला आपण भाजतो तसाच वास आला गं. त्या खोलीतून सूनबाई ओरडली, काय भाजताय म्हणून. चार दिवसांत पहिल्यांदा आवाज चढवून बोलली.

ताई पुणे: बघ!

आत्या (हनोई): मसाल्याचं सांग. त्या डबा पुढे करतात आणि माझ्याकडे बघतात.

ताई पुणे: फो गाला कमीच लागतो. चार लिटर पाण्याला चक्रीफूल दोन, दालचिनी बोटभर, धणे एक मोठा चमचा, सगळं कोरडं भाजून फडक्यात बांधून शेवटच्या तासात सोड. आधीपासून ठेवलंस तर औषधासारखं लागतं. डब्यात मोठी वेलची दिसेल, आपल्या मसाला वेलचीपेक्षा मोठी आणि धुरकट वासाची. ती आज घालूच नकोस, कोंबडीला जड होते. चक्रीफूल मात्र तिथलंच उत्तम, चीनच्या सीमेवरच्या लांग सोनकडचं. खडीसाखरेचा एक छोटा खडा. मीठ.

आत्या (हनोई): खडीसाखर मिळाली. तीच आपली!

ताई पुणे: कोंबडी पाऊण तासात शिजेल. ती बाहेर काढून बर्फाच्या पाण्यात टाक, कातडी ताठ आणि पिवळी राहते. मांस सोडव, हाडं परत पातेल्यात. आणि माशाचं पाणी, 'नुओक माम', अगदी शेवटी.

मोठी काकू: माशाचं पाणी म्हणजे?

बाळू काका (दापोली): मासळी मिठात महिनोन्‌महिने मुरवून जो रस गळतो तो वहिनी. आमच्या बंदरावर जवळा सुकतो त्याचा वास आठवा. शिजल्यावर वास जातो, चव राहते.

मोठी काकू: हा मेसेज संकष्टीला वाचायला लावल्याबद्दल आभार.

आत्या (हनोई): विहीणबाई फोनमध्ये बोलतात, फोन मला मराठीत सांगतो, असं चाललंय. आत्ता फोन म्हणाला, 'लहानपणी मी वैमानिक नसलेला फो खात होते.' हे काय आहे? मी दोनदा बोलायला लावलं. दोन्ही वेळा वैमानिकच.

ताई पुणे: बरोबरच आहे ते. युद्धाच्या काळात अमेरिका उत्तर व्हिएतनामवर टेहळणीला बिनवैमानिकाची विमानं पाठवायची. त्या वेळी मांस रेशनवर, कुपनावर, तेही मिळालं तर. सरकारी दुकानात फो मिळायचा त्यात मांसाचा तुकडाच नसायचा. नुसतं पाणी, तांदळाच्या पट्ट्या आणि चवीला अजिनोमोटो. लोक त्याला बिनवैमानिकाचा फो म्हणायचे. १९८६ नंतर धोरण बदललं, हळूहळू दुकानं खाजगी झाली, तेव्हा वाडग्यात परत मांस आलं. विहीणबाई साठच्या दशकातल्या असतील ना? त्यांचं सगळं लहानपण त्यात गेलं असणार.

आत्या (हनोई): आणि मी सकाळपासून म्हणतेय की या बाईला अन्नाची किंमत नाही. पाणी ओतून दिलं म्हणून.

आत्या (हनोई): तोंडावर नाही म्हटलं. पण मनात म्हटलं.

मोठी काकू: वन्स, ७२ च्या दुष्काळात आमच्याकडे आई-वडील दोघं खडी फोडायला जायचे. कामावर सुकडी मिळायची ती पदरात बांधून आणायची आई. घरात मिलो ज्वारीची भाकरी. तांबडी, तीही अमेरिकेचीच. थापताना तुटायची. आई म्हणायची, एक दिवस मी पांढऱ्या ज्वारीची भाकरी करीन आणि पहिली गाईला देईन. चांगले दिवस आल्यावर तिने खरंच पहिली भाकरी गाईला घातली. आम्ही भुकेले बघत होतो. मला तेव्हा राग आला होता.

ताई पुणे: काकू, हे तुम्ही कधीच सांगितलं नव्हतंत.

मोठी काकू: कोणी विचारलं नव्हतं.

बाळू काका (दापोली): हा मेसेज हटवला आहे.

नाना काका: काय हटवलंस?

बाळू काका (दापोली): काही नाही. चुकीची वेळ होती.

आत्या (हनोई): शेवयांचं काय करू? ओल्या आणल्यात, लांब पट्ट्या आहेत.

ताई पुणे: त्यांना 'बान्ह फो' म्हणतात. तांदळाचं पीठ वाफेवरच्या कापडावर घावनासारखं पातळ पसरतात आणि पट्ट्या कापतात. ओल्या असतील तर शिजवायच्या नाहीत. गाळणीत घालून उकळत्या पाण्यात दहा सेकंद बुडव, निथळ, वाडग्यात. वर मांस, कांद्याची पात, लिंबाच्या झाडाची पानं केसासारखी बारीक चिरून. ती विसरू नकोस, फो गाची ओळख ती आहे. मग उकळतं पाणी. कोमट अजिबात नको.

आत्या (हनोई): पानं विहीणबाई चिरतायत. मला सुरी दिली नाही. इतकी बारीक मला जमणार नाही हे त्यांनी ओळखलं.

आत्या (हनोई): [फोटो] वहिनी क्षमा करा, यात हाड नाही. फक्त पाणी आहे. वाडग्याचा तळ दिसतोय बघा.

मोठी काकू: दिसतोय.

लिन वहिनी: नमस्कार सगळे. मी खाल्ला. पूर्ण. दोन आई माझ्याकडे बघत होत्या, मी खाऊन दाखवला. आईंनी (मराठी आईंनी) आले जास्त टाकले, माझी आई म्हणाली बरोबर आहे, तापाला चांगले. पण आई 'फो' म्हणतात ते 'फो' नाही. आवाज खाली जाऊन वर यायला पाहिजे, प्रश्न विचारतो तसा. आता म्हणतात तो म्हणजे रस्ता. काल बाजारात म्हणाल्या मला एक रस्ता द्या.

दादा (आत्याचा): लिन, ताप किती आहे?

लिन वहिनी: ९९. तू सॉसचा फोटो परत पाठवू नको.

नाना काका: बरं झालं पोरीचं. पण पुढच्या वेळी कुकर करून बघा, मी गंमत म्हणून नाही सांगत. गॅस वाचतो.

आत्या (हनोई): नाना, तू ये इकडे. तुझा कुकर घेऊन ये. विहीणबाईंना दाखव.

मोठी काकू: ते एकटे कुठे येणार? मी बरोबर लागेनच.

दादा (आत्याचा): मामी, खरंच या. पैठणी घेऊन या.

मोठी काकू: बघू. मला तिथे खायला काय मिळणार ते आधी सांगा. त्या बाई कोंबडीशिवाय काही करतात का?

आत्या (हनोई): करतात की. पौर्णिमेला आणि महिन्याच्या पहिल्या तिथीला त्या मांस खात नाहीत, त्या दिवशी 'फो चाय' असतो. आपण उपास धरतो तसं त्यांचं. कांदा-लसूणसुद्धा टाळतात.

मोठी काकू: मग पाण्याला चव कशाची?

आत्या (हनोई): थांबा, विचारते.

आत्या (हनोई): पांढरा मुळा, गाजर, मक्याचं कणीस, उसाचा तुकडा, वाळवलेली अळंबी. आलं भाजूनच. चक्रीफूल एकच. दोन तास, मंद.

मोठी काकू: अळंबी इथे मिळेल का बघते. बाकी सगळं मंगळवारच्या बाजारात असतं. मुळे किती घेऊ?