वाळवंट, जंगल, माळरान: बायोमसाठी आपले शब्द कुठवर पुरतात?

प्रश्न

नववी-दहावीच्या मुलांसाठी पृथ्वीवरच्या बायोमांची (म्हणजे सारखे हवामान आणि सारखी जीवसृष्टी असलेल्या मोठ्या प्रदेश-प्रकारांची) एक छोटी पुस्तिका मराठीत लिहिते आहे आणि पहिल्याच पानावर अडले आहे. बायोमला जीवसंहती, जैवसंहती असे पर्याय वाचनात आले. पण मुले लगेच विचारतात, मग परिसंस्था वेगळी कशी? दुसरी अडचण त्याहून मोठी वाटते. डेझर्टला वाळवंट, तैगाला (उत्तरेकडच्या थंड सूचिपर्णी वनाला) जंगल, प्रेअरीला (उत्तर अमेरिकेतल्या गवताळ प्रदेशाला) माळरान असे लिहीत गेले की वाचणाऱ्याच्या मनात भलतेच चित्र उभे राहील, अशी रुखरुख लागते. जाणकारांनी मदत करावी.

प्रतिसाद १

परिसंस्था म्हणजे एका ठरावीक जागेतले सजीव आणि त्यांचा परिसर. एखादे डबकेसुद्धा परिसंस्थाच. बायोम हा प्रकार आहे. हवामान सारखे असले की वेगवेगळ्या खंडांवरही सजीवांची ठेवण सारखी होते. अमेरिकेच्या कोरड्या भागात निवडुंगाचे कुळ आहे, आफ्रिकेच्या कोरड्या भागात युफोर्बियाचे. दोघांचे नाते दूरचे, पण जाड हिरवे खोड, पानांऐवजी काटे, आत साठवलेले पाणी हे दोन्हीकडे दिसते. जाती वेगळ्या, बायोम एकच.

१९१६ मध्ये अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनी 'बायोम' वापरला तेव्हा त्याचा अर्थ वनस्पती आणि प्राण्यांचा समुदाय एवढाच होता. त्या अर्थाला जीवसंहती चपखल बसतो. आजच्या अर्थात मात्र हवामान गाभ्याशी आहे आणि ते 'संहती'त कुठेच येत नाही. म्हणून मी बायोमच ठेवीन. एकदा समजावून सांगितला की मुलांना तो जड जात नाही.

प्रतिसाद २

वाळवंटाबद्दलची तुमची रुखरुख रास्त आहे. मराठीत हा शब्द मुळात नदीकाठच्या वाळूच्या पट्ट्याचा. अभंगांतले वाळवंट तेच, पाण्याला लागून असलेले! नंतर तो निर्जल प्रदेशासाठी रुळला, पण वाळू त्याला चिकटूनच राहिली. आता सहाराच घ्या. सुमारे ९० लाख चौरस किलोमीटरचा प्रदेश, आणि वाळूने झाकलेला भाग साधारण चौथाई. बाकी खडक, गोटे, खडीची सपाट मैदाने. तिथल्या अरबीत वाळूच्या टेकड्यांच्या प्रदेशाला अर्ग, खडकाळ पठाराला हमादा, खडीच्या मैदानाला रेग असे निरनिराळे शब्द आहेत. आपण सगळ्यांना वाळवंट म्हणून मोकळे होतो. (सहारा या शब्दाचा अर्थच निर्जल प्रदेश असा आहे, म्हणजे 'सहारा वाळवंट' म्हणताना आपण एकच गोष्ट दोनदा सांगतो.)

दुसरा घोटाळा उष्णतेचा. वाळवंट म्हटले की ऊन आणि चटके आठवतात. पण मंगोलिया आणि चीनमधल्या गोबीत हिवाळ्यात पारा उणे ४० अंश सेल्सिअसपर्यंत उतरू शकतो आणि जगातले सर्वांत मोठे डेझर्ट अंटार्क्टिका आहे. ठरते ते पाण्यावर. वर्षाला साधारण २५० मिलिमीटरहून कमी पाऊस वा हिम ही ढोबळ खूण.

आपल्याकडे याहून नेमका शब्द आहे: मरुभूमी. 'मरु' म्हणजे जिथे पाणी नाही अशी भूमी. त्यात वाळूही नाही आणि ऊनही नाही. 'थंड वाळवंट' वाचताना मूल अडखळते, 'थंड मरुभूमी' वाचताना अडखळणार नाही. पुस्तिकेत हाच शब्द घ्या, असा माझा आग्रह आहे.

प्रतिसाद ३

मरुभूमीला माझेही मत. आता जंगल. संस्कृतात 'जांगल' म्हणजे कोरडा, उघडा, विरळ झाडांचा प्रदेश. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत देशाचे तीन प्रकार येतात: जांगल, आनूप आणि साधारण. जांगल कोरडा, आनूप पाणथळ आणि दाट झाडीचा. त्याच शब्दातून आलेले 'जंगल' आज दाट झाडीसाठी वापरतात आणि इंग्रजीने तर ते उचलून ॲमेझॉनसारख्या ओल्या, गच्च वनाला लावले. अर्थ पार दुसऱ्या टोकाला गेला. शब्दांचे असे प्रवास मला फार मोहवतात, पण पुस्तिकेत जंगल हा शब्द बायोमचे नाव म्हणून नको. त्यातून पावसाचा काहीच अंदाज येत नाही.

अरण्यही नको. त्याचे नाते झाडांशी कमी, वस्तीपासून दूर असण्याशी जास्त. त्यातून आलेले 'रान' तर आपण शेतालाही म्हणतो.

वन मात्र चालेल, कारण त्याला विशेषण जोडता येते. वर्षावन सुरेख शब्द आहे. १८९८ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ आंद्रेयास शिंपर यांनी जर्मनमध्ये जो शब्द रूढ केला त्याचाही अर्थ 'पावसाचे वन' असाच. विषुववृत्ताजवळ वर्षभर ऊब, २,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, हे नावातच सुचते. त्याला नुसते 'सदाहरित वन' म्हणू नका, कारण तैगातले स्प्रूस आणि पाइनसुद्धा सदाहरितच. आणि तैगाला सरसकट सदाहरितही म्हणू नका! पूर्व सायबेरियात पसरलेला लार्च सूचिपर्णी असून हिवाळ्यापूर्वी सुया गाळतो. सूचिपर्णी हे पानाच्या आकाराचे वर्णन, पानझडी हे सवयीचे. मुले या दोन गोष्टींची गल्लत करतात आणि दोष आपल्या लिहिण्याचा असतो.

धागाकर्ती

फार मोलाची माहिती, मनापासून आभार. मरुभूमी नक्की. गवताळ प्रदेशाचे काय करू? माळरान मला जिव्हाळ्याचा शब्द आहे, सोडवत नाही.

प्रतिसाद २

ताई, प्रेअरीसाठी तो सोडावा लागेल. माळ म्हटला की मुरमाड, पातळ मातीची जमीन डोळ्यांपुढे येते. प्रेअरी आणि युक्रेनची स्टेप यांची माती काळी, खोल आणि अतिशय सुपीक. तिथल्या गवताची मुळे दोन-तीन मीटर खाली जातात, दरवर्षी त्यातली काही कुजतात आणि माती घडते. म्हणून तर तिथले बहुतेक गवत नांगराखाली गेले आणि गहू-मका आला. तिथे 'समशीतोष्ण गवताळ प्रदेश' लांबलचक असला तरी खरा आहे.

सॅव्हाना मात्र जसाच्या तसा ठेवा. हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो भाषेतून स्पॅनिशमध्ये आला. तेव्हा अर्थ होता झाडे नसलेले मैदान. आज आपण त्याने गवत आणि अधूनमधून झाडे असा प्रदेश दाखवतो. वर्षभर ऊब, पाऊस एकाच हंगामात, मग वणवे आणि हत्तींसारखे झाडे मोडणारे प्राणी, यामुळे झाडी दाट होत नाही. टांझानियातल्या सेरेंगेटीत दहा लाखांहून अधिक विल्डबीस्ट (गवत खाणारे मोठे कुरंग) पावसामागे फिरतात ते याच गवतासाठी. 'गवताळ प्रदेश' लिहिलात तर झाडे गायब होतात, 'वन' लिहिलात तर गवत.

प्रतिसाद १

भूमध्यसागरी झुडपांच्या बायोमलाही नावाचीच अडचण आहे. तो कॅलिफोर्निया, चिली आणि दक्षिण आफ्रिकेच्या टोकालाही आहे, नाव मात्र एकाच समुद्राचे. 'ओला हिवाळा, कोरडा उन्हाळा' एवढे कंसात द्या, पुरे.

धागाकर्ती

आता टुंड्राच उरला, ध्रुवाजवळचा झाडे नसलेला थंड प्रदेश. पाऊस नि हिम मिळून वर्षाला १५० ते २५० मिलिमीटर. मग त्यालाही मरुभूमी म्हणायचे का?

प्रतिसाद ३

आकड्याने मरुभूमी, पण उन्हाळ्यात तिथे जिकडेतिकडे दलदल असते. खालची जमीन कायम गोठलेली, वरचा थोडासा थर वितळतो, पाणी मुरायला वाट नाही आणि थंडीमुळे त्याची वाफही फारशी होत नाही. शेवाळ, दगडफूल, जमिनीलगत सरपटणारे खुजे विलो त्या ओलीवर जगतात, उंदरासारखे लेमिंग आणि रेनडिअर त्यांच्यावर. टुंड्रा हा शब्द उत्तर युरोपातल्या सामी लोकांच्या भाषेतून रशियनमार्गे आला. मूळ अर्थ झाडे नसलेला उंच माळ. तो तसाच राहू द्या. तुमचे माळरान कुठे वापरायचेच असेल, तर त्याचा अर्थ सांगणाऱ्या ओळीत वापरा: 'गोठलेल्या जमिनीवरचे ओले माळरान'.

धागाकर्ती

ही ओळ घेते आहे, अगदी अशीच.