वर्डप्रेसवरून बाजारभाव डेटाबेसमध्ये ओढतोय, संध्याकाळच्या दुरुस्त्या येतच नाहीत

गोदाकाठ
नमस्कार मंडळी, नाशिकहून लिहितोय. निफाड तालुक्यातल्या एका शेतकरी गटाची वेबसाइट मी बघतो, वर्डप्रेसवर आहे. रोज दुपारी पावणेचारच्या आसपास कांद्याच्या भावाची पोस्ट पडते, लासलगाव, विंचूर, पिंपळगाव, सगळ्यांचे किमान, कमाल, सरासरी. या पोस्ट पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आणायच्या आणि रात्री साडेआठला तिथून सभासदांना व्हॉट्सअॅपवर भाव पाठवायचा, एवढंच काम आहे. त्यासाठी एक ओपन सोर्स कनेक्टर (इकडचा डेटा तिकडे नेणारा प्रोग्रॅम) लावलाय, दर चार तासांनी रेस्ट एपीआय, म्हणजे प्रोग्रॅमला वर्डप्रेसचा डेटा मिळण्याची वाट, वाचतो; या प्रत्येक फेरीला सिंक म्हणतो.

अडचणी तीन. एकूण पोस्ट १,३४०, येतात फक्त १००, आणि पर पेज, म्हणजे एका वेळी किती पोस्ट मागायच्या तो आकडा, ५०० केला की ४०० चा एरर, म्हणजे मागणीच चुकीची. दुसरं, ड्राफ्टही वाचायचेत म्हणून अॅडमिनचा युजरनेम पासवर्ड दिला तर ४०१, म्हणजे ओळख पटली नाही असा एरर.

तिसरीने झोप उडवलीय. परवा पोस्ट टाकताना कमाल भाव २,५१० च्या जागी २,१५० पडला, पोराने पावतीवरून टाइप करताना आकडे उलटे केले. सहा दहाला साइटवर दुरुस्त केला, पण डेटाबेसमध्ये २,१५० च राहिला आणि तोच मेसेज गेला. एका काकांनी तो बघून दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर जोडलाच नाही. लोक या आकड्यावर माल काढायचा का नाही ते ठरवतात हो, असं परत व्हायला नको.

सातपूर_बॅकएंड
पहिल्या दोन लगेच सुटतील. पर पेजची कमाल मर्यादा १०० च आहे, त्याच्या वर काही दिलं तरी नाकारणार. १०० ठेव आणि कनेक्टरला पान वाढवत जायला सांग, १ पासून. तुझी १४ पानं होतील, उत्तराच्या हेडरमध्ये (डेटासोबत येणाऱ्या वरच्या माहितीत) एकूण पानंही येतात ती ताडून बघ. एक खड्डा सांगून ठेवतो, पोस्टची संख्या बरोब्बर शंभराच्या पटीत आली की कनेक्टर पुढचं पान मागतो आणि वर्डप्रेस त्याला ४०० देतं. तो एरर आला की पानं संपली असं धरायला सांग, नाहीतर एखाद्या दिवशी अख्खा सिंक लाल, म्हणजे फसलेला दिसेल.

४०१ साठी लॉगिनचा पासवर्ड चालत नाही भाऊ. प्रोफाइलमध्ये खाली अॅप्लिकेशन पासवर्ड (प्रोग्रॅमसाठीचा वेगळा पासवर्ड) बनव, वर्डप्रेस ५.६ पासून ती सोय आहे. २४ अक्षरं एकदाच दिसतात, लगेच जपून ठेव. अॅडमिनचा नको, एडिटरचा वेगळा युजर काढ. तरी ४०१ आला तर सर्व्हर ऑथोरायझेशन हेडर (ज्यातून पासवर्ड जातो) मधेच खातोय का बघ, काही होस्टिंगवर एचटीअॅक्सेस या सर्व्हरच्या सेटिंग फाइलमध्ये एक ओळ टाकून तो पुढे सोडावा लागतो.

गोदाकाठ
दादा, दोन्ही झालं! हेडरच अडकत होता. पण तिसरं तसंच आहे. आधी मी आफ्टर (अमुक वेळेनंतरच्याच पोस्ट मागणारा फिल्टर) वापरत होतो, तो पोस्टची मूळ तारीख बघतो हे कळल्यावर मॉडिफाइड आफ्टर लावला, कर्सर (कुठपर्यंत वाचलं त्याची खूण) मॉडिफाइड फील्डवर, म्हणजे शेवटच्या बदलाच्या वेळेवर. गंमत म्हणजे काल रात्री साडेनऊला केलेली दुरुस्ती आली, आणि सहाची नाही!

मखमलाबाद_एसक्यूएल
साडेनऊची आली आणि सहाची नाही, यातच उत्तर आहे. मॉडिफाइड फील्ड साइटच्या वेळेत येतं, म्हणजे आपली भारतीय वेळ, पण त्याच्या शेवटी झोन लिहिलेला नसतो. कनेक्टर त्याला यूटीसी (जागतिक वेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) समजतो. तुझी पोस्ट १५:४० ची, चारच्या सिंकने कर्सर १५:४० वर ठेवला, आणि पुढच्या वेळी शेवटी झेड (ही यूटीसी वेळ आहे अशी खूण) लावून तोच परत पाठवला. वर्डप्रेस तो झेड बघून साडेपाच तास पुढे जातं आणि २१:१० नंतर काय बदललं ते शोधतं. मधल्या वेळेतलं सगळं गेलं, तुझी १८:१० ची दुरुस्तीही. एरर काही दिसत नाही, सिंक हिरवाच, म्हणून हे फार वाईट.

कर्सर मॉडिफाइड जीएमटी या फील्डवर ने. तेही झोनशिवायच येतं पण ते खरंच यूटीसी असतं, त्यामुळे पाठवताना शेवटी झेड हवाच, काढू नकोस. ऑर्डर मॉडिफाइडवर चढती लाव. मग कर्सर एकदा रीसेट करून सगळं परत ओढ, आयडी प्रायमरी की (प्रत्येक ओळीची एकमेव ओळख) ठेवलीस तर दुबार ओळी होणार नाहीत आणि मागच्या सुटलेल्या दुरुस्त्याही भरून निघतील.

आणि कोणी पोस्ट कायमची डिलीट केली तर एपीआयमधून ती नुसती नाहीशी होते, कर्सरला कधीच कळणार नाही. त्यासाठी रविवारी रात्री एक पूर्ण सिंक घे आणि आयडी जुळवून बघ.

गोदाकाठ
ताई, मनापासून आभार. कर्सर बदलला, रीसेट केला, १,३४० च्या १,३४० आल्या. जुन्या टेबलशी ताडलं तर ३७ पोस्टमध्ये आकडा वेगळा निघाला. आज मुद्दाम सहा वाजता एका ड्राफ्टमध्ये आकडा बदलून बघितला, आठच्या सिंकला नवीन आकडा आला. त्या काकांना फोन करून चूक आमची होती हे सांगितलंय.

मेसेजच्या खाली आता पोस्ट शेवटची कधी बदलली ती वेळही जाते.