टीनएजमधली पहिली गाडी, कोणती होती तुमची?

खंबाटकीकर:
लेकाला अठरा लागलं. लर्निंगची परीक्षा घरात बसून दिली साहेबांनी आणि आता म्हणे ऑटोमॅटिकच शिकणार, क्लच कोण दाबत बसणार. त्यावरून आमची फियाट आठवली. म्हणजे प्रीमियर पद्मिनी, पण सातारला तिला पद्मिनी कुणी म्हणायचंच नाही. ९१ला बाबांनी सेकंडहँड घेतली, मी नववीत. गियर स्टिअरिंगच्या दांड्याला, पुढे सलग सीट त्यामुळे बाबा, आई आणि मधे कोंबलेला मी, दारांना त्या त्रिकोणी काचा, फिरवल्या की वारा थेट तोंडावर. चालवायला मिळायची नाही पण खाती नेमून दिलेली, रविवारी धुवायची, रेडिएटरचं पाणी बघायचं, आणि मे महिन्यात घाटात थांबली की उडी मारून चाकामागे दगड लावायचा. तेव्हाच्या कार्ब्युरेटरवाल्या सगळ्याच गाड्यांचं ते होतं, गरमीने पंपातच पेट्रोलची वाफ व्हायची, मग पंपावर ओलं फडकं टाका आणि बसा झाडाखाली. (दशम्या तिथंच सुटायच्या.) स्टिअरिंग हातात आलं ते अठरानंतर, तेही बाबांचा आरडाओरडा ऐकत. तुमचं सांगा.

किकमास्तर_नगर:
कार कसली डोंबलाची राव, आमच्याकडे लूना! बनायचीच आमच्या नगरला, कायनेटिकमध्ये. ५० सीसी असल्याने सोळाव्या वर्षी लायसन मिळायचं, त्यामुळे दहावी झाली की पोरांचा डोळा तिच्यावरच. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून टाकायचं, चढ आला की पायडल मारायचं आणि डबलसीट असेल तर मागच्याने गपचूप उतरून पळायचं. पुढच्या मोकळ्या जागेत दळणाचा डबा. फियाटवाल्यांनी जरा दमानं घ्या, श्रीमंत लोक तुम्ही.

मधली_सीट:
आमची मारुती ८००, पांढरी. ८३च्या डिसेंबरात पहिल्यांदा रस्त्यावर आली ती गाडी आणि आमच्या डोंबिवलीच्या घरात यायला ९४ उजाडलं. ७९६ सीसी, तीन सिलिंडर आणि आम्ही सातजण घेऊन महाबळेश्वर! भावाला गाडीत काडीचा इंटरेस्ट नव्हता म्हणून पप्पांनी मला शिकवली, शेजारच्या काकू आईला विचारायच्या की मुलीला कशाला. नंतर त्याच काकूंना रात्री दवाखान्यात कुणी नेलं ते विचारा. @खंबाटकीकर, लेकाला क्लचवरच शिकवा हो, पुढे कुठलीही गाडी हातात आली तरी अडत नाही.

काळीपिवळी:
माझीपण पद्मिनीच, फक्त छत पिवळं होतं. वडिलांची टॅक्सी. गाडी बनली कुर्ल्याला आणि आम्ही राहायला पण कुर्ल्यालाच त्यामुळे वडील तिला माहेरवाशीण म्हणायचे. मी सतरा-अठराचा असताना रात्रपाळी करून सकाळी आले की मी मागच्या सीटखालून चिल्लर शोधायचो, मिळेल ती माझी असा करार होता. मीटर बाहेर बसवलेला, लोखंडी, तो पुसायचं काम पण माझंच. २०२३च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, २००३ला ताडदेवला रजिस्टर झालेली, वीस वर्षांची मर्यादा संपली. वडिलांना बातमी दाखवली तर म्हणाले बरं झालं, पाठ मोडायची. आम्हीच उगाच हळवे होतो, चालवणारे नाही.

खंबाटकीकर:
@काळीपिवळी, बाबापण हेच म्हणतात! पॉवर स्टिअरिंगची गाडी आल्यापासून फियाटचं नाव काढत नाहीत. @मधली_सीट, लेकाला शिकवायला एखादी जुनी ८०० घ्यावी असं डोक्यात आहे, ओळखीत एक २००७ची आहे, मालक चाळीस हजार म्हणतोय. घेऊ का?

किकमास्तर_नगर:
आधी आरसी बघा भाऊ. १५ वर्षं झाली की रजिस्ट्रेशन रिन्यू करावं लागतं, केलंय का ते विचारा. कारची ती फी २०२२ला ६०० वरून एकदम ५००० झाली आणि फिटनेस, इन्शुरन्स वेगळं. शिवाय खालून पत्रा सडलाय का बघा, ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट उचलून. मालक नको म्हणाला तर समजून जा. आणि चाळीस जास्त आहेत, तीसपासून सुरू करा.