परजीवींच्या पटलाची 'प्रवाहिता' की 'तरलता'?

प्रश्न
काळ्या आजाराच्या परजीवीवर, म्हणजे लिशमानियावर, मराठीत लेख लिहितो आहे. तीन ठिकाणी अडलो. 'मेम्ब्रेन फ्लुइडिटी'ला, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ आवरणाच्या (पटलाच्या) सैलपणाला, 'पटलाची प्रवाहिता' म्हणावं का? 'लिपिड'ला 'मेद' चालेल का? आणि 'ग्रोथ कंडिशन्स'ला 'वाढीची परिस्थिती'?

प्रतिसाद
'मेद' नको. मेद म्हटलं की वाचक साठवलेल्या चरबीकडे जातो, आणि पटलातली लिपिडं मुख्यतः फॉस्फोलिपिडं व स्टेरॉलं (कोलेस्टेरॉलच्या जातीची लिपिडं) असतात. 'लिपिड'च ठेवा. 'फॅटी अॅसिड'ला, म्हणजे लिपिडांतल्या लांब साखळ्यांना, मात्र 'मेदाम्ल' छान रुळलेला आहे.

'प्रवाहिता'ही मला पटत नाही. पटल कुठे वाहत जात नाही. त्यातले रेणू पटलातच इकडून तिकडे सरकतात. 'तरलता' जास्त जवळचा. त्याच्या उलट स्थितीसाठी आपल्याकडे नेमकं क्रियापद आहे: थिजणे. थंडीत तूप थिजतं, करडईचं तेल थिजत नाही, त्याचं कारण इथेही लागू पडतं. संपृक्त मेदाम्लांच्या सरळ साखळ्या एकमेकींना चिकटून दाटीने बसतात. असंपृक्तांत दुहेरी बंधापाशी बाक असतो, त्यामुळे दाटी होत नाही. म्हणून तापमान उतरलं की अनेक एकपेशीय जीव असंपृक्त मेदाम्लांचं प्रमाण वाढवतात आणि पटल थिजू देत नाहीत.

प्रतिसाद
'गोठणे' का नाही?

प्रतिसाद
पाणी गोठतं, रक्त गोठतं. स्निग्ध पदार्थाला थिजणे हेच नेमकं.

प्रतिसाद
मला 'वाढीची परिस्थिती'बद्दल जास्त काळजी वाटते. शब्द चुकीचा नाही, पण फार ढोबळ आहे, आणि या विषयात ढोबळपणा महागात पडतो.

लिशमानिया वाळूमाशीच्या आतड्यात शेपटीवाल्या प्रोमॅस्टिगोट रूपात वाढतो. प्रयोगशाळेत हे रूप साधारण २६ अंश सेल्सिअसला वाढवतात. माणसाच्या शरीरात तो मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशींमध्ये अमॅस्टिगोट या गोलसर रूपात राहतो. तिथे उष्णता जास्त आणि भोवतालचं माध्यम आम्लधर्मी, सामू (pH) साधारण ५.५. म्हणजे तापमान, सामू आणि अन्न तिन्ही एकदम बदलतात. पटलातला फरक यातल्या कशामुळे, हे 'परिस्थिती' या एका शब्दातून कळणारच नाही.

त्यात सीरमची, म्हणजे वाढीच्या माध्यमात घालतात त्या रक्तद्रवाची, भर. लिशमानिया स्वतः अर्गोस्टेरॉलच्या (बुरशीत आढळणाऱ्या स्टेरॉलच्या) गटातली स्टेरॉलं बनवतो, कोलेस्टेरॉल बनवत नाही. तरी संवर्धनातल्या (प्रयोगशाळेत माध्यमात वाढवलेल्या) पेशींत कोलेस्टेरॉल सापडतं, कारण ते माध्यमातल्या सीरममधून उचललेलं असतं. सीरम बदललं की पटलही बदलू शकतं. हे उपचारालाही भिडतं: अॅम्फोटेरिसिन बी हे औषध अर्गोस्टेरॉललाच धरतं. निद्रारोगाच्या परजीवीचं, ट्रिपॅनोसोमा ब्रुसीचंही असंच आहे. माणसाच्या रक्तातलं रूप यजमानाचं कोलेस्टेरॉल घेतं, त्सेत्से माशीतलं रूप अर्गोस्टेरॉल गटातली स्टेरॉलं स्वतः तयार करतं.

शिवाय 'वाढ' म्हणजे कशाची? संवर्धनात ती बहुधा पेशींच्या संख्येची असते, एका पेशीच्या आकाराची नव्हे. संख्या झपाट्याने वाढत असतानाचा टप्पा आणि ती थांबल्यानंतरचा टप्पा वेगळे लिहायलाच हवेत. माणसाला संसर्ग करू शकणारी, 'मेटासायक्लिक' म्हणतात ती रूपं दुसऱ्या टप्प्यात जास्त मिळतात, आणि त्यांच्या पृष्ठभागावरच्या लिपोफॉस्फोग्लायकन या लिपिड-शर्करा रेणूची साखळीही लांबलेली असते.

प्रश्नकर्ता
म्हणजे शीर्षकात 'संवर्धनाची परिस्थिती' आणि आत प्रत्येक वेळी नेमका घटक?

प्रतिसाद
हो. उदाहरणार्थ: '२६ अंशांना, दहा टक्के सीरम असलेल्या माध्यमात, संख्यावाढ थांबल्यावर गोळा केलेल्या प्रोमॅस्टिगोटांच्या पटलातली स्टेरॉलं.' वाक्य लांबतं, पण कापायचं झालं तर 'पटलातली' कापा. तापमान, सीरम आणि टप्पा राहू द्या.