कुजवल्याने धातू जात नाहीत

कारखान्याच्या सांडपाण्याचा गाळ नीट कुजवला की भाजीला खत म्हणून निर्धोक, असं काही जण म्हणतात. रोगजंतूंपुरतं ते बरंचसं खरं. पण कॅडमियम, शिसं हे विषारी धातू कुजत नाहीत. उलट ढीग कुजून निम्म्यावर आला की उरलेल्या खतात त्यांचं प्रमाण वाढलेलं असतं. पालक, लेट्यूस कॅडमियम भराभर ओढून घेतात, माती आम्लधर्मी असेल तर जास्तच. आणि पानं तरीही हिरवीगार, टवटवीत दिसू शकतात, याचीच मला फार काळजी वाटते. दूधप्रक्रियेचा गाळ वेगळा, त्यावर प्रयोग जरूर करा. धातूंना मुलामा देणाऱ्या कारखान्याचा मात्र कुंडीतसुद्धा नको. धातूंची तपासणी दर खेपेला हवी. उत्पादन बदललं की गाळही बदलतो. अहवाल येईपर्यंत त्यात भाजी लावू नका.